आधी पाणी, मग गाणी

मुलांच्या परीक्षा संपल्या, शाळांना सुट्ट्या लागल्या, की आपल्या सीमाभागातल्या घराघरांत प्रवासाचे बेत शिजू लागतात. कुणाला गोव्याला मामाकडे जायचे असते, कुणाला सौंदत्तीच्या यल्लम्माचा नवस फेडायचा असतो, कुणी जोतिबाला निघतो, कुणी पंढरपूरला, तर कुणी नुसताच आंबोलीची हवा खायला. गाडी धुऊन पुसून दारात उभी राहते, डिकीत डबे आणि पिशव्या चढतात आणि मग घरातल्या प्रत्येकाला गाडीची आठवण होते.

या दिवसांत वाचकांचे दोन प्रश्न हमखास असतात. एक स्टिरिओचा : आवाज फाटतो, स्टेशन निसटते, मागे बसलेल्यांना ऐकू येत नाही. दुसरा पाण्याचा : कूलंट कोणते घालावे, नुसते पाणी चालेल का, घाटात गाडी तापते ती का? पहिला प्रश्न बहुधा मुलांचा असतो, दुसरा वडिलांचा. दोन्हींची उत्तरे आज एकाच लेखात देतो आहे. तसे करण्याला कारण आहे आणि ते पुढे ओघाने येईलच.

इंजिनाला पाणी कशासाठी?

पेट्रोल किंवा डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातली जेमतेम एक तृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर टाकावी लागते. पंप हे पाणी इंजिनातून फिरवून रेडिएटरमध्ये आणतो, तिथे समोरून येणारा वारा आणि पंखा त्याला निववतात आणि ते परत इंजिनात जाते. मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते आणि पाणी साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की उघडते. 'आपल्याकडे उन्हाळा आहे, थर्मोस्टॅट कशाला हवा, काढून टाका' असा सल्ला काही गॅरेजांत मिळतो. तो ऐकू नये. इंजिनाला गरम होण्याचीही गरज असते. ते कायम गार राहिले, तर इंधन जास्त जळते आणि झीजही वाढते.

आता कूलंट. नुसत्या पाण्याने इंजिन थंड होत नाही असे नाही. उलट उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कुणी धरणार नाही. पण पाणी गंज आणते आणि आपल्या बोअरवेलचे पाणी तर खारांचे थर बसवते. बंबाच्या आत किंवा गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि त्या हळूहळू बुजवतो. कूलंटमध्ये मुख्यतः ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायने असतात. ग्लायकॉलमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते. थंड देशांत ते गोठू नये म्हणूनही कूलंट घालतात. आपल्याला तो उपयोग नसला, तरी गंजापासून आणि उकळण्यापासून मिळणारे संरक्षण आपल्याला हवेच.

बाजारात कूलंट दोन तऱ्हांनी मिळते. एक तयार मिश्रण, ते तसेच ओतायचे, त्यात पाणी मिसळायचे नाही. दुसरे दाट, ते गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात पाणी घालून वापरायचे. हे प्रमाण बहुधा ३० ते ५० टक्के असते. पाणी मात्र डिस्टिल्ड वापरावे, म्हणजे बॅटरीत घालतो तेच. दाट कूलंट तसेच ओतले की जास्त चांगले, हा समज चुकीचा आहे. नुसते ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. हिरवे, लाल, निळे अशा रंगांवरही जाऊ नये. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते आणि दोन कंपन्यांचे हिरवे कूलंट एकच असेल असे नाही. वेगवेगळ्या जातींची कूलंट एकत्र केली, तर गंज रोखण्याची ताकद जाते आणि कधीकधी आत चिखलासारखा साका जमतो. जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, नवी दीर्घकाळ टिकणारी पाच किंवा त्याहून अधिक वर्षे चालतात. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा.

एक गोष्ट मात्र घरातल्या बायकांनी आणि आजीआजोबांनी आवर्जून लक्षात ठेवावी. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते आणि ते विष आहे. उरलेले कूलंट थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय फार वाईट. लहान मूल ते सरबत समजून पिऊ शकते. अंगणात सांडलेले कूलंट कुत्रा किंवा मांजर चाटते. सांडले तर भरपूर पाण्याने धुऊन काढा, उरलेला डबा मूळच्या नावाच्या चिठ्ठीसह उंचावर ठेवा. कुणाच्या पोटात गेलेच, तर त्रास दिसण्याची वाट न पाहता डबा हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.

सकाळची दोन मिनिटे

कूलंट बघायची वेळ एकच : सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी. बॉनेट उघडले की पांढुरकी, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची टाकी दिसते. तिच्यावर खाली 'मिन' आणि वर 'मॅक्स' अशा खुणा असतात. पाणी या दोहोंच्या मध्ये हवे. बाहेरून दिसते, त्यासाठी झाकण उघडावे लागत नाही. कमी असेल तर तेच कूलंट घालून भरावे. वर्षातून एखाद्या वेळी थोडे कमी होणे समजण्यासारखे आहे, पण दर आठवड्याला भरावे लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. मग नुसते भरत राहू नका, गळती शोधा.

गळतीच्या खुणा ओळखता येतात. रात्री गाडी उभी असते तिथे रंगीत ओल दिसते. रबरी होज पाइपांच्या टोकांना पांढरा किंवा रंगीत खार जमतो. पाइप दाबून पाहावा, अर्थात इंजिन गार असताना. तो फुगलेला, भेगाळलेला किंवा पार मऊ झालेला असेल, तर प्रवासाआधी बदलावा. गाडीच्या आत गोडसर वास येत असेल आणि पुढच्या सीटच्या पायाखालचा गालिचा ओला असेल, तर हीटरचा भाग गळत असतो. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या कॉफीसारखा साका दिसला, तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शंका घ्यावी आणि लांबच्या प्रवासाचा बेत आधी मेकॅनिकला दाखवूनच ठरवावा.

बॅटरीवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत इंजिन नसते, पण अनेकींत बॅटरी थंड ठेवायला कूलंट असते. तिथे टाकीची पातळी नुसती पाहावी, भरण्याचे काम सर्व्हिस सेंटरवर सोपवावे.

कुकरला शिट्टी असते

रेडिएटरचे झाकण हे कुकरच्या झाकणाचे भावंड आहे. दोन्हींचे काम आतली वाफ दाबून धरण्याचे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातले पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाखाली मात्र तेच पाणी १२० अंशांच्या जवळपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे तापलेल्या गाडीत १०५-११० अंशांचे पाणी शांतपणे बसलेले असू शकते. झाकण फिरवले की दाब जातो, त्या क्षणी त्या पाण्याची वाफ होते आणि ती समोर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येते. हात, चेहरा, डोळे भाजतात.

आपल्या घरातली कोणतीही गृहिणी वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडत नाही. तिला ते कुणी शिकवावे लागत नाही. पण तिचाच नवरा किंवा मुलगा घाटात गाडी तापली की फडके घेऊन रेडिएटरकडे धावतो. कुकर निदान शिट्टी देऊन सांगतो, रेडिएटर सांगत नाही. आपल्याकडच्या मेकॅनिकचे कन्नडमधले चार शब्द या कामी फार उपयोगाचे आहेत : 'बिसि ऐति, तेगीब्याड्री.' गरम आहे, उघडू नका. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला, दोन्ही भाषांत, हे वाक्य पाठ हवे. अनेक नव्या गाड्यांत प्लॅस्टिकची टाकीच दाबाखाली असते, तेव्हा तिच्या झाकणालाही हाच नियम.

भाजलेच, तर जखमेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये आणि डॉक्टरांकडे जावे.

जाताना उतार, येताना चढ

बेळगावहून गोव्याला जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने जा, खानापूर, लोंढ्यावरून अनमोडने जा, किंवा सावंतवाडीसाठी आंबोलीने उतरा; जाताना घाट उतरायचा असतो. इंजिनावर भार नसतो, सगळे ठीक वाटते. परीक्षा होते ती परतताना. गाडीत माणसे तेवढीच, वर काजू, फणस आणि मासळीचे सामान. दुपारचे ऊन, एसी चालू, पुढे ट्रक रांगत चाललेला आणि आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. वेग कमी, म्हणून समोरचा वारा कमी, आणि इंजिन मात्र सर्वांत जास्त कष्टात. महिनाभर शहरात फिरताना न दिसलेली गळती इथे दिसते. म्हणून गोव्यातून निघायच्या सकाळीही टाकी बघावी. घरून निघताना पाहिली होती, ही सबब घाटाला चालत नाही.

डॅशबोर्डवर उष्णतेचा काटा असेल, तर तो रोज कुठे थांबतो ते लक्षात ठेवा. त्याच्या वर चढू लागला की समजावे. अनेक नव्या छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून गार आहे, लाल म्हणजे जास्त तापले आहे. लाल दिवा लागल्यावर 'पुढच्या वळणापर्यंत जाऊ, तिथे चहाची टपरी आहे' असे म्हणू नका. त्या एका वळणात हेड गास्केट जाऊ शकते.

मग काय करायचे? आधी एसी बंद. खिडक्या उघडून हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हीटर म्हणजे वेडेपणा वाटेल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून घेतो आणि थोडा दिलासा मिळतो. सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. निघताना तो दगड उचलायला विसरू नका, मागून येणाऱ्याचा जीव त्याच्यात अडकतो. मुलांना गाडीतून डोंगराच्या बाजूला उतरवा. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद, आणि वाफ थांबेपर्यंत बॉनेटही उघडू नका. इंजिन बंद असले तरी विजेवरचा पंखा आपोआप फिरू लागतो, तेव्हा हात, पदर, ओढणी लांब ठेवा.

निदान पाऊण तास थांबा. बरोबरचे फळ-डबे याच वेळी संपवावेत. इंजिन पूर्ण गार झाल्यावर, जाड फडके घेऊन, झाकण आधी थोडेसेच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण जिरू द्या आणि मगच काढा. अडचणीच्या वेळी प्यायचे पाणी घातले तरी चालते, पण गरम इंजिनात किंवा इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. घरी आल्यावर ते पाणी काढून नीट कूलंट भरून घ्या. पाणी घालूनही थोड्या अंतरात पुन्हा दिवा लागला, तर हट्ट न करता गाडी ओढून न्यावी. पाइप बदलणे स्वस्त, इंजिन खोलणे महाग.

आता गाणी

आपल्या घरांत गाडीच्या स्टिरिओवरून होणारे भांडण हे दोन भाषांचे नसतेच, ते दोन पिढ्यांचे असते. आजोबांना नाट्यगीत हवे, अज्जीला पुरंदरदासांची पदे, मुलांना नवे कन्नड सिनेमाचे गाणे. पंडित भीमसेन जोशींनी अभंगही गायले आणि दासरपदेही, त्यामुळे निदान एक तास तरी गाडीत एकमत होते. आपली ही पट्टी गाण्याची आहेच. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा आणि धारवाड आकाशवाणी १९५० सालची.

स्टिरिओचे चार उपयोगी भाग समजून घेतले की निम्मी कुरकुर मिटते. 'बॅलन्स' म्हणजे आवाज डाव्या की उजव्या बाजूला. 'फेडर' म्हणजे पुढे की मागे. मागच्या सीटवर अज्जी ऐकत असेल तर फेडर मागे सरकवावा, पुढे चालवणाऱ्याच्या कानाला उसंत मिळते. 'बास' आणि 'ट्रेबल' म्हणजे खालचा आणि वरचा स्वर. माणसाचा गळा या दोहोंच्या मध्ये असतो, म्हणून शास्त्रीय गाणे, भजन, कीर्तन ऐकताना बास-ट्रेबल मधोमध आणि 'लाउडनेस' बंद ठेवावा. आवाज फाटतो तेव्हा बहुतेक वेळा स्पीकर वाईट नसतो, बास पूर्ण चढवलेला असतो.

स्टेशन लागल्यावर क्रमांकाचे बटण दोन-तीन सेकंद दाबून धरले की ते स्मरणात राहते. बहुतेक स्टिरिओत एफएम १, एफएम २ असे कप्पे असतात. एक कप्पा घरच्या स्टेशनांना आणि दुसरा प्रवासातल्या स्टेशनांना ठेवावा, म्हणजे परत आल्यावर सगळे पुन्हा लावत बसावे लागत नाही. घाटात एफएम निसटते, कारण त्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि डोंगर आड येतो. तो स्टिरिओचा दोष नव्हे. पेन ड्राइव्ह वाजत नसेल, तर तो फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्यावर एमपी ३ गाणी भरावीत. फोन ब्लूटूथला जोडला जात नसेल, तर स्टिरिओच्या यादीतले जुने फोन पुसून पुन्हा जोडावा. हे सारे दारात उभ्या गाडीत करावे. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर गाडी तेवढ्यात ३३ मीटर पुढे गेलेली असते. प्रवासात स्टिरिओ शेजारी बसलेल्याच्या ताब्यात द्यावा.

इंजिन बंद करून वनभोजनाला तासन् तास गाणी लावली, तर बॅटरी उतरते आणि संध्याकाळी गाडी ढकलावी लागते. बाहेरून स्टिरिओ बसवताना तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी लावलेली चालवून घेऊ नका, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार तर कधीच नको, त्यातून आग लागते. इंजिनाचा वेग वाढला की स्टिरिओतून येणारी किणकिण वाढत असेल, तर बहुधा अर्थिंगची तार ढिली असते. काही स्टिरिओ बॅटरी काढून परत लावल्यावर गुप्त अंक मागतात. तो अंक लिहिलेले कार्ड जपून ठेवावे, पण गाडीत नव्हे, घरी.

आवाज किती?

आता दोन्ही प्रश्न एका लेखात का घेतले, ते सांगतो. तापणारी गाडी गप्प नसते. पंखा थांबेनासा होतो, पट्टा किंचाळतो, कुठेतरी सुस्कारा ऐकू येतो. वळणापलीकडचा ट्रक हॉर्न देतो. हे सगळे आवाज लहान असतात आणि मोठ्या आवाजात लावलेले गाणे ते सगळे गिळून टाकते. काटा किंवा दिवा डोळ्याला दिसतो खरा, पण घाटात डोळा रस्त्यावर असतो, कान मोकळा असतो. तो कान गाण्याने भरून टाकू नये. घाट सुरू झाला की शेजारी बसलेल्याशी हळू आवाजात बोलता येईल, इतकेच गाणे ठेवावे.

शेवटी एक छोटेसे काम. आपल्या भागात गाडीचा मालक मराठी, चालक कन्नड आणि मेकॅनिक तिसऱ्याच गावचा, असे नेहमीचे असते. गाडीबरोबर आलेले पुस्तक बहुधा इंग्रजीत असते आणि ते कुणी उघडत नाही. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना ते वाचायला लावा. मग एका जाड कागदावर मराठीत आणि कन्नडात चार गोष्टी लिहून घ्या : कूलंटची जात, पाण्याचे प्रमाण, बदलल्याची तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर. त्याखाली गरम असताना उघडू नये, ही सूचना दोन्ही लिपींत ठळक अक्षरांत. हा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. गाडी कुणाच्याही हाती गेली तरी तिची गरज त्याला त्याच्या भाषेत कळेल.

बाकी लक्षात ठेवायला सोपे आहे. मराठीत आधी पाणी, मग गाणी. कन्नडात मोदलु नीरु, आमेले हाडु. सुट्टीचा प्रवास सुखाचा होवो.